‘काहीही चालेल’ म्हणणं सोडलं, ते वालाचे दिवस

वाल फुलले की मला उगाचच हलकं वाटतं. खांद्यावरचं काहीतरी कुणी उतरवून घेतल्यासारखं. आज सकाळी जित्याच्या फलाटावर उभी होते, तर समोरचे रूळसुद्धा दिसत नव्हते, इतकं धुकं. आधी गाडीचा आवाज आला, मग दिवा दिसला, आणि गाडी अगदी पुढ्यात आल्यावर गाडीसारखी दिसली. खिडकीशी जागा मिळाली. हमरापूर मागे पडलं तशी धुक्यातून एकेक शेत वर यायला लागलं. कापलेल्या भाताची खोडं, काळी ओलसर माती आणि तिच्यावर पसरलेले वाल. पांढरी फुलं, जांभळट फुलं. काही शेतांत शेंगाही धरल्या होत्या. आमच्याकडे भात निघालं की त्याच जमिनीत वाल टाकतात. मग त्याला पाऊस लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. दवात भिजलेल्या त्याच्या पानांना एक हिरवा, किंचित कडवट वास येतो. खिडकीची काच थोडी वर केली आणि तो वास आत आला. शेजारच्या बाईने शाल ओढून घेत माझ्याकडे रागाने पाहिलं. मी काच लगेच खाली केली, पण तेवढ्यात तो हिवाळा आठवायचा तो आठवलाच.

त्या हिवाळ्यात मी नोकरी शोधत होते. शोधत होते म्हणजे फोनवर अंगठा चालवत होते.

पेणच्या कॉलेजातून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आणि लग्नाआधी, लग्नानंतरही थोडे दिवस, रोह्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं. ओवी झाली तेव्हा सोडलं. वर्षभराने परत जाईन असं म्हणत होते, त्याची पाच-सहा वर्षं झाली. ओवी पहिलीत गेली. सकाळी ती दप्तर घेऊन निघून गेली की घरात एक मोठी शांतता पडायची. सासूबाई शेतावर, प्रशांत पेणला त्याच्या दुकानात. प्रशांत म्हणजे माझा नवरा. पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. कॉलेजातली ओळख असल्यामुळे आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो, आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते अजून खटकतं. तर त्या शांततेत मी बसायचे, आणि मला वाटायचं, मी कुणीतरी होते. ती बाई कुठे गेली?

मग अर्ज सुरू झाले. शाळेत क्लार्क हवा आहे, टाकला. औषधाच्या दुकानात हिशेबाला बाई हवी आहे, टाकला. दवाखान्याचं बिल काउंटर, विम्याचं ऑफिस, कुरिअर, तळोज्यापासून महाडपर्यंतच्या कंपन्या. एकच बायोडेटा, सगळ्यांना तोच. पाठवलं की फोनवर हिरवी खूण यायची आणि बरं वाटायचं. आज काहीतरी केलं. संध्याकाळी प्रशांतने विचारलं तर सांगायला असायचं. त्या खुणेचं मला जवळजवळ व्यसन लागलं होतं.

उत्तर मात्र येत नव्हतं. फोन ओटीवर चार्जिंगला असायचा आणि मी स्वयंपाकघरात. कधी वाजला तर आई अंगणातून मातीच्या हातांनी धावत यायच्या. “गो मनीषा, तुजा फोन! कंपनीचा असल!” आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारायचं. मी ‘नको’ म्हणून ठेवायचे. आई दारातच उभ्या असायच्या, हात तसेच पुढे धरून. मला नोकरी मिळत नाही याचं वाईट वाटायचं, पण त्या धावत येतात याचं त्याहून जास्त वाटायचं.

शेवटी एक बोलावणं आलं. पनवेलला, एका गोदामाच्या ऑफिसात. आईंनी कपाटातली त्यांची चांगली शाल काढून दिली, पहाटेचा गारठा म्हणून. ऑफिसात चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर साहेब होते. त्यांनी माझा कागद पाहिला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

“तुम्ही लॅबमध्ये होतात.”

“हो सर.”

“मग इथे? तुम्हाला नेमकं काय काम हवंय?”

मी म्हटलं, “काहीही चालेल, सर.”

मला वाटलं होतं, हे ऐकून ते खूश होतील. नम्र बाई आहे, कटकट करणार नाही. त्यांनी कागद हळूच टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, “ताई, ‘काहीही’ नावाची जागा आमच्याकडे नसते. तुम्ही इथे का आलात हे मला कळलं, तर मी वर दोन शब्द बोलू शकतो. तुम्हालाच ठाऊक नसेल तर मी काय सांगू?”

मला ठाऊक नव्हतं. मी शाल सारखी केली, ‘थँक यू’ म्हटलं आणि बाहेर पडले.

परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही. एक विचित्र लाज वाटत होती, वर्गात साध्या प्रश्नाचं उत्तर न आल्यासारखी. जित्याला उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. घरी जायचं सोडून मी बांधाबांधाने शेताकडे गेले. आई वाकून शेंगा तोडत होत्या. पदर कमरेला खोचलेला, ओच्यात शेंगांचा ढीग. मला पाहून त्या सरळ झाल्या. बांधावरची पाण्याची बाटली पुढे केली.

“पानी पी आधी.”

मी प्यायले. मग सांगितलं. “साहेबांनी विचारलं, काय काम पाहिजे. मला सांगताच नाही आलं.”

“मंग आता सांग. मना सांग.”

“नाही माहीत, आई.”

त्यांनी ओचा सावरला. मग म्हणाल्या, “मंग थांब ना जरा. रोज रोज त्या फोनात काय धाडतेस? शेंगा तयार झाल्यात, मानूस भेटत नाय तोडायला. ये माज्यासंगती.”

यात त्यांचा स्वार्थ होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण त्या दुपारी ‘थांब’ हा शब्द मला कुणीतरी बोलायला हवाच होता. मी शाल बांधावर ठेवली, चपला काढल्या आणि त्या नव्या ड्रेसवरच शेतात उतरले.

त्या संध्याकाळी मी प्रशांतला सांगितलं की काही दिवस मी कुठेही अर्ज टाकणार नाही. आम्ही ओटीवर वाल सोलत बसलो होतो. भिजवून मोड आलेले वाल दोन बोटांत दाबायचे, साल अलगद सुटून येते, बोटं बुळबुळीत होतात. प्रशांतला हे काम आवडतं. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून झाल्यावर काहीतरी मऊ हातात येतं म्हणतो.

“म्हणजे काहीच नाही करायचं?” त्याने विचारलं.

“करायचं. पण अर्ज नाही. मला काय हवंय ते आधी ठरवायचंय.”

त्याने एक वाल सोलला, दुसरा सोलला. “मनीषा, नोकरीची गरज आपल्याला आहे. त्यांना आपली नाही. ज्याला गरज आहे त्याने कसली निवड करायची?”

तो रागावून बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. कारण हेच मी स्वतःला इतके दिवस सांगत होते. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईने दारात उभं राहावं, जे मिळेल ते पदरात घ्यावं, वर आभार मानावेत. हे मला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. आईंनी नाही, प्रशांतनेही नाही. ते हवेतच असतं बहुतेक, धुक्यासारखं. समोरचं दिसत नाही आणि आपल्याला वाटतं, तिथे काही नाहीच.

मग ते दिवस. ओवीला शाळेत सोडून मी शेतावर जायचे. गवतावर दव इतकं की सलवार गुडघ्यापर्यंत भिजायची. वेलांमध्ये कोळ्यांनी जाळी विणलेली असत आणि त्यांवर दवाचे थेंब अडकलेले. हात घालताना ती जाळी मोडायची, दरवेळी मला वाईट वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच विणलेली असायची. बोटं गारठायची. शेंग तोडताना ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. आई गाणी म्हणत नसत, गप्पाही फारशा मारत नसत. पण मधेच म्हणायच्या, “व्हय गो, तिकडं कंपनीत बायका किती व्हत्या?” किंवा “तुमाला जेवायला सुट्टी किती?” त्या विचारत आणि मी सांगता सांगता माझं मलाच आठवत जाई.

कुठली नोकरी चांगली, पगार कुठे बरा, असा विचार मी त्या दिवसांत मुद्दाम केलाच नाही. फक्त स्वतःला विचारत राहिले की त्या जुन्या कामातलं मला काय आवडायचं. एसीची खोली नाही. महागडी यंत्रंही नाहीत, त्यांची मला मनातून भीतीच वाटायची. आठवायचं ते वेगळंच. कंपनीच्या मागच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करायची टाकी होती. तिथे जाऊन पाण्याचे नमुने आणायचं काम कुणालाच नको असायचं, वासामुळे. मी आपणहून जायचे. बाटलीत पाणी भरलं की ती हातात गार लागायची. मग आत येऊन टायट्रेशन. काचेच्या लांब नळीतून, ब्युरेटमधून, थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या चंबूतला रंग कधी बदलतो याकडे डोळे लावून बसायचं. अजून नाही, अजून नाही, आणि एका थेंबाला बदलतो. त्या क्षणी कळतं, हे पाणी बाहेर सोडायच्या लायकीचं आहे की नाही. माझं माहेर खाडीकडचं. वडील मिठागरावर कामाला होते. भरतीबरोबर काय पाणी आत येतंय, यावर आमच्या घरचा मूड ठरायचा. त्यामुळे असेल, पण त्या कामात मला मी कधीच पगारी नोकर वाटले नाही.

हे आठवलं त्या दिवशी मी शेंगा तोडायची थांबले. आई म्हणाल्या, “काय झाला?”

“पाणी,” मी म्हटलं.

“तहान लागली?”

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसले. आईंना काहीच कळलं नाही, पण त्याही हसल्या.

काय हवं ते कळलं, आता ते कुठे मिळतं ते शोधायचं होतं. वैशाली माझी जुनी सहकारी. अजून रोह्यातच नोकरीला होती. तिला फोन करायला मी घाबरत होते. इतक्या वर्षांत केला नव्हता, आता गरज पडली म्हणून करते असं तिला वाटेल. शेवटी केला, आणि आधीच सांगून टाकलं, “नोकरी लावून दे म्हणायला नाही येत. कामाबद्दल विचारायचंय.”

ती खो खो हसली. “असं म्हणून येणारी तू पहिलीच. ये. येताना वालाचं बिरडं आण, तुझ्या सासूच्या हातचं.”

कुंडलिकेच्या काठावर बसून आम्ही डबा खाल्ला. नदी शांत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी गोधडी धूत होतं आणि तिचा आवाज पाण्यावरून थोडा उशिरा येत होता. वैशाली जाड झाली होती, केस पिकले होते, आणि बोलणं तेच, फटकळ.

“हे बघ, खरं सांगते. मोठ्या मशीनवरच्या कामाला जाशील तर तुझी मधली वर्षं दिसणार. सगळं बदललंय. कालची पोरं तुझ्यापुढे असतील. पण पाण्याचं काम फार बदललेलं नाही. ब्युरेट तीच, चंबू तोच. कागदपत्रं मात्र वाढलीत, ती शिकायला लागतील. शिकशील?”

“शिकेन.”

“आणि कंपन्यांच्याच मागे का लागलीस? बाहेरच्या छोट्या लॅब निघाल्यात. कंपन्यांचं सांडपाणी, गावांचं पिण्याचं पाणी, सगळं तपासतात. रोह्याला आहेत, नागोठण्याला आहेत, पेणलाही आहे. त्यांना तुझ्यासारखी बाई हवी असते, पण त्या फोनवर जाहिराती करत नाहीत. तुलाच त्यांच्या दारात जावं लागणार. आणि एक, शिफ्टचं आधीच विचार. नंतर तोंड वाकडं करण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.”

“विचारलं तर देतील का नोकरी?”

“न विचारता दिली तर तू टिकशील का?” तिने बिरड्याचा शेवटचा घास घेतला. “सासूला सांग, नारळ कमी पडला.”

परत येताना मी गाडीत खिडकीशी बसले होते. निडी, नागोठणे, कासू, पेण. एकेक स्टेशन येत होतं आणि माझ्या डोक्यातला नकाशा लहान लहान होत होता. आधी तो तळोज्यापासून महाडपर्यंत पसरलेला होता आणि त्यात मी कुठेच नव्हते. आता तो या एका गाडीच्या वाटेइतका उरला. पाण्याची प्रयोगशाळा, दिवसाचं काम, आणि गाडीने जाऊन संध्याकाळी ओवीच्या अभ्यासाला घरी. एवढंच. इतक्या गोष्टींना नाही म्हटल्यावर आपण गरीब झाल्यासारखं वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या दारांत मला उभंच राहायचं नव्हतं, त्यांनी मला आत घेतलं नाही म्हणून मी इतके दिवस झुरत होते.

आणि नेमका तेव्हाच तळोज्याहून फोन आला.

जुन्या अर्जांपैकी एक कुठेतरी लागला होता. एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये मालाच्या नोंदी करायच्या. हायवेवर उजाडायच्या आत कंपनीची बस, घरी यायला अंधार, आणि एक आठवडा सोडून एक दुसरी शिफ्ट. पगार माझ्या अपेक्षेपेक्षा बरा होता. प्रशांत पेणहून जिलबी घेऊन आला. ओवीने शेजारी जाऊन सांगितलंसुद्धा. आईंनी देवापुढे साखर ठेवली, पण बोलल्या काही नाहीत. मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल.

मी दोन रात्री तळमळले. मग सकाळीच प्रशांतच्या दुकानात गेले. घरी बोलायचं नव्हतं, जिलबीचा पुडा अजून फळीवर होता. तो मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता, मान खाली.

“मी त्यांना नकार देणार आहे,” मी म्हटलं.

तार थांबली. “वेडी झालीस का? घरबसल्या आलेली नोकरी!”

“मला तिथे नाही जायचं. दुसरं काम शोधते आहे, ते कुठलं हे आता मला माहीत आहे.”

“आणि ते नाही मिळालं तर?”

मी इकडे तिकडे पाहिलं. भिंतीला उघड्या मोटारी ओळीने लावलेल्या, वार्निशचा वास. मी विचारलं, “तू दुकान टाकलंस तेव्हा सगळे सांगत होते, मिक्सर घे, पंखे घे, फ्रिज घे. तू का नाही घेतलेस?”

“मला मोटारी चांगल्या येतात म्हणून.”

“घाबरला नव्हतास?”

तार पुन्हा फिरायला लागली, सावकाश. मग तो मान वर न करता म्हणाला, “लय घाबरलो होतो. पहिला पावसाळा गिऱ्हाईकच नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, “फोन तूच कर त्यांना. मला नाही जमणार.”

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून फोन केला. पलीकडच्या मुलीने ‘ओके मॅडम’ म्हटलं आणि ठेवून दिला. एवढ्या मोठ्या निर्णयाला तिने तेवढाच वेळ दिला. समोर एसटी हॉर्न वाजवत होती, पोह्यांची पोती हातगाडीवर चालली होती.

पुढचे दिवस सोपे नव्हते, खोटं कशाला सांगू? वाल वाळत आले, वेल पिवळे पडले, आम्ही ते उपटून खळ्यावर आणले. मी सकाळी झोडणीला हात लावायचे आणि दुपारी लॅब शोधत हिंडायचे. मोजक्याच ठिकाणी गेले, पण प्रत्येक ठिकाणी आधी विचारून, तिथलं काम काय, प्रमुख कोण, त्यांना कशाची अडचण आहे. बायोडेटा प्रत्येकासाठी वेगळा बसून लिहिला, आणि वर एक ओळ, मी तुमच्याकडेच का येते आहे याची. ती ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. पेणला एका ठिकाणी मधल्या वर्षांवरून नको म्हणाले. नागोठण्याहून उत्तरच आलं नाही. वाईट वाटलं, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी नकार आला की वाटायचं, मला नाकारलं. आता वाटलं, इथे जमलं नाही.

रोह्याच्या लॅबच्या प्रमुख बाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. पांढरा कोट, बाह्या वर केलेल्या. त्यांनी विचारलं, “इतकी वर्षं घरी होतात. हात बसेल?”

“थोडे दिवस लागतील,” मी म्हटलं. “पण काम मला हेच करायचंय. आणि मला संध्याकाळच्या गाडीने घरी पोहोचावं लागतं, तेही आताच सांगते.”

त्यांनी मान डोलावली आणि सरळ ब्युरेटकडे बोट केलं. मी उभी राहिले. तोटीला बोट लावलं, ती जरा जास्तच फिरली. एक थेंब जास्त पडला, चंबूतलं पाणी एकदम गडद गुलाबी झालं. मी ते ओतून दिलं. “पुन्हा करते,” म्हटलं. दुसऱ्यांदा श्वास धरून बसले. अजून नाही, अजून नाही, आणि मग अगदी फिकट गुलाबी, आहे की नाही असा. तो रंग पाहिला आणि मला इतकी वर्षं मागे ठेवलेलं कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

बाई म्हणाल्या, “पहिला ओतून दिलात ते बरं केलंत. बरेच जण तोच लिहून देतात.”

‘कळवतो’ म्हणाल्या. फोन आला तेव्हा मी आणि आई खळ्यावर वाल पाखडत होतो. ऊन तापायला लागलं होतं, आंब्याचा मोहोर गळून अंगणभर पडला होता. मी फोन ठेवला आणि नुसतं ‘मिळाली’ म्हटलं. आई सूप हातात धरून तशाच खाली बसल्या.

“रोज कदी येशील घरी?”

“दिवेलागणीच्या आधी.”

त्यांनी डोळे पुसले. भुसा गेला असेल म्हणून मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी हात धरला. “बरा झाला गो. मना तो तळोज्याचा काम नको व्हता.”

“मग बोलला का नाहीत?”

“कशी बोलू? लोक बोलले असते, सासूनं आडवला. तुजी इतक्या दिसांची इच्छा.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “अंधार पडला का मना दिसत नाय आता नीट. पोरगी पायरीवरून पडली तर? मी कोनाला सांगितला नाय.”

त्या देवापुढे साखर ठेवून गप्प का होत्या, ते आता कळलं. आम्ही दोघी एकाच घरात, अंधार पडल्यावर ओवीचं काय, या एकाच भीतीला दोन टोकांनी धरून बसलो होतो, आणि एकमेकींना सांगत नव्हतो. मोतीबिंदू होता. प्रशांतने पुढच्याच आठवड्यात त्यांना पेणला डॉक्टरांकडे नेलं, ऑपरेशन झालं. आता त्या सुईत दोरा ओवून दाखवतात, कुणी विचारलं नाही तरी.

नोकरी म्हणजे काही स्वर्ग नाही. उन्हाळ्यात नमुन्यांना असा वास येतो की जेवण जात नाही. कागद तर वैशालीने सांगितले त्याच्याही दुप्पट. कधी गाडी अर्धा रस्ता चालते आणि अर्धा रस्ता विचार करत उभी राहते. प्रमुख बाईंशी माझं दोनदा चांगलं वाजलंय. पण हे सगळं माझ्या निवडलेल्या कामातलं आहे. निवडलेल्या गोष्टीचा त्रास सोसायला सोपा असतो, एवढं मला कळलंय. कधी कधी एखादी तरुण मुलगी गाडीत शेजारी बसते, फोनवर अंगठा चालवत, आणि हिरवी खूण आली की तिचा चेहरा क्षणभर उजळतो. मला तिला ‘थांब जरा’ म्हणावंसं वाटतं. ओळख नसते, म्हणून गप्प बसते.

माझा त्या लॅबमधला पहिला दिवस फार काही घडलं म्हणून आठवत नाही. नावं पाठ केली, काचेचं सामान धुतलं, एक चंबू फुटता फुटता वाचला. संध्याकाळी रोह्याहून गाडी सुटली, मी खिडकीशी बसले आणि डोकं टेकलं. डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती आणि बाहेरच्या पाटीवर ‘आपटा’ लिहिलं होतं. जिते केव्हाच मागे गेलं होतं. मी पर्स उचलून धडपडत उतरले. कित्येक महिने मला बिछान्यावर नीट झोप लागली नव्हती, आणि इथे लाकडासारख्या बाकावर, खिडकीच्या कडेला डोकं आपटत, मी मेल्यासारखी झोपले होते.

घरी फोन लावला. आईंनी उचलला. मी हसत हसत सांगितलं, “आई, झोप लागली. आपट्याला आले.”

त्या म्हणाल्या, “झोपलीस? बरा झाला. पोरगी माज्याजवल हाय, परशांत पन आलाय. तू ये सावकाश.”

उलटी गाडी यायला वेळ होता. फलाटावर फारसं कुणी नव्हतं. मी बाकावर बसले, चपला काढल्या आणि पाय लांब केले.